दार लोटून ठेव

आमच्या आईकडे वायरलेसवर बोलायचा परवाना नव्हता, म्हणून ती फक्त ऐकायची. वडिलांना हॅम रेडिओचं वेड. सुट्टीच्या दिवशी हातात मावणारा एक सेट कमरेला अडकवून ते टेकडीवर जायचे आणि गावोगावच्या अनोळखी माणसांशी हवापाण्याच्या गप्पा छाटायचे. तसाच दुसरा सेट स्वयंपाकघराच्या फळीवर असायचा. परत निघाले की त्यातून आवाज यायचा, "येतो गं. दार लोटून ठेव." आई हातातलं काम टाकून कडी काढायला उठायची.

दोन वर्षांपूर्वी असंच "येतो" म्हणाले आणि आलेच नाहीत. वाटेतच छातीत कळ आली. त्या दिवशी फळी पुसताना आईकडून सेटचं रेकॉर्डिंगचं बटण दाबलं गेलं होतं, म्हणून तेवढं वाक्य मागे राहिलं. रोज चार वाजता चहा घेऊन ती ते ऐकायची. एकदाच. पुन्हा लावू का म्हटलं तर म्हणायची, "पुरे. माणूस दिवसातून एकदाच घरी येतो."

मग सेट खरखरायला लागला. मी चष्म्याच्या दुकानात कामाला. केसाएवढे स्क्रू दिवसभर माझ्या हाताखालून जातात, तेव्हा हा डबा उघडायला मी कुणाला घाबरतो? वडिलांचे रेडिओवरचे मित्र, त्यांना मी काकाच म्हणतो, त्यांनी फोनवर बजावलं होतं, "मी रविवारी येतो, तोवर हात लावू नकोस." पण ऐकेल तो मी कसला! दुपारी आई आडवी झाली तसे चार स्क्रू काढले, आवाजाचं बटण साफ केलं. कोपऱ्यात शर्टाच्या गुंडीएवढा एक सेल होता, कडेने हिरवा पडलेला. घड्याळाचा असेल म्हटलं. तो काढून नवा बसवला आणि स्वतःवरच खूश झालो.

खरखर गेली. वाक्यही गेलं.

काकांना फोन केला. ते म्हणाले, "अरे, त्या सेलवरच तर तो आवाज जगला होता."

सव्वातीन वाजले होते. घरात वडिलांचे फोटो होते, सदरे होते, चपलासुद्धा होत्या. पण आईचा दिवस उभा होता तो चारच्या त्या वाक्यावर, आणि ते मी माझ्या हाताने पुसलं होतं.

फोनवर माझा आवाज ऐकून लोक मला वडील समजायचे. सेट उचलला, दुकानात पळालो, डोळे तपासायच्या अंधाऱ्या खोलीत शिरलो. समोर अक्षरांचा तक्ता. रेकॉर्डिंगचं बटण दाबून तेच वाक्य नऊ वेळा बोललो आणि नववं ठेवलं.

चारला आईने ऐकलं. "स्वच्छ येतोय की आता," ती म्हणाली. "हात चांगला आहे तुझा." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

असे पाच दिवस गेले. सहाव्या दिवशी सेटची मोठी बॅटरी, तशीच नवी मिळावी म्हणून, मी काढून बॅगेत घातली. चारच्या आत परतणार होतो, पण गिऱ्हाइकांत अडकलो. पाच वाजता धावतपळत आलो, तर दार नुसतं लोटलेलं. आई टेबलाशी बसली होती. समोर दोन कप.

"आई, बॅटरी माझ्याकडेच राहिली गं."

"असू दे. मी ऐकलं."

"काय ऐकलंस?"

ती हसली. "अरे, पाच दिवस तू बोलत होतास, मला काय कळत नाही? खोटं बोलायचं असलं की लहानपणापासून तू आधी आवंढा गिळतोस. तो पण रेकॉर्ड झालाय. एवढी खटपट केलीस, म्हटलं कशाला मोडा मन."

मी तिच्या पायाशीच बसलो. रडू आवरेना. तिने माझ्या केसांतून हात फिरवला.

"पण आज तू नव्हतास," ती म्हणाली. "आज हे 'येतो' नाही म्हणाले. 'आलो' म्हणाले."

बॅग अजून खांद्यालाच होती. आत हात घातला. बॅटरी होती. फळीवर तो सेट पाठ उघडी टाकून पडला होता.

मागे दार वाऱ्याने हललं. लावावं का नाही, मला सुचेना.

"लाव आता कडी," आई म्हणाली. "सगळे आले."