मागच्या ओट्यावरची मांडणी

टिंग!

भर दुपारची वेळ. घरात कुणाची हालचाल नाही. वाऱ्यानं एक चमचा हलला आणि माझ्या पट्टीला लागला, एवढंच. मित्रांनो, दचकू नका. मी एक जुनी मांडणी आहे, स्टीलची. राहुरीजवळच्या एका वस्तीवर, घराच्या मागच्या ओट्यावर, न्हाणीच्या भिंतीला टेकून उभी असते. माझ्यावर आता तो एकच चमचा उरलाय. भांडी काढताना आकड्याला विसरून राहिलेला.

माझा जन्म नगरचा. एका पत्र्याच्या शेडमध्ये माझ्या पट्ट्या कापल्या, वाकवल्या, ताटं उभी राहतील अशा खाचा पाडल्या. छबूबाईच्या लग्नात मी रुखवतात मिरवले आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, नव्या गादीला टेकून, या घरी आले. स्वयंपाकघरात दारासमोरच्या भिंतीवर मला ठोकलं. वर डबे, मध्ये ताटं, खाली तांबे, पेले, वाट्या. प्रत्येक भांड्यावर देणाऱ्याचं नाव कोरलेलं. छबूबाईला वाचता येत नव्हतं, तरी कुठलं ताट कुठल्या मामानं दिलं ते ती माझ्याकडं पाठ करूनही सांगायची. सणाच्या आधी मला घासूनपुसून लख्ख करायची. दारात आलेली बाई आधी माझ्याकडं बघायची. म्हणायची, "छबूबाई, तुझी मांडणी म्हंजे आरसाच हाय बाई!" मग मी काय, दिवसभर फुगलेली असायचे.

छबूबाईचा मुलगा कल्याण शाळेत जायच्या आधी माझ्यापुढं बसून अक्षरं शिकला. ताटांवरच्या नावांवरून बोट फिरवायचा, "रं-ग-ना-थ." त्याच्या बारशाला आलेल्या छोट्या ताटलीवर त्याचंच नाव होतं. ते वाचता आलं त्या दिवशी पोरगं ती ताटली काखेत घेऊन झोपलं.

पुढं तो दुधाच्या धंद्याचं शिकला. रेश्माशी लग्न झालं, सृष्टी झाली. आणि मग तो डेन्मार्कला गेला, तिथल्या एका मोठ्या गोठ्यावर कामाला. रोज या मायलेकी आणि आजी माझ्याखाली पाटावर बसायच्या, समोर डब्याला मोबाईल टेकवायच्या. सुरुवातीला कल्याणचा चेहरा सुकलेला असायचा. "इथं दुपारी चारलाच अंधार पडतो," म्हणायचा. मग एकदा त्यानं आपली खोली दाखवली. पांढऱ्या भिंती, फिक्या लाकडाची खुर्ची, तिच्यावर लोकरीचं पांघरूण, कोपऱ्यात पिवळा मंद दिवा. सामान जवळजवळ नाहीच.

"आता जरा घरासारखं वाटाय लागलंय," तो हसून म्हणाला.

रेश्माही हसली. मोबाईल बंद झाल्यावर मात्र ती माझ्याकडं वळली तेव्हा तिचं हसू मावळलं होतं. मला कसं कळलं? माझ्या ताटांत तिचा चेहरा पडला होता.

दुसऱ्या दिवसापासून ती कामाला लागली. उन्हाळ्यात कल्याण सुट्टीला येणार होता. "त्यांना परकं वाटायला नको," एवढंच तिचं म्हणणं. सृष्टी झोपली की रेश्मा भिंतींना पांढरा रंग द्यायची. आंब्याच्या जुन्या फळ्या तिनं पॉलिश पेपरनं घासून फिक्या केल्या. बांबूची टोपली उलटी टांगून आत पिवळा बल्ब लावला. छबूबाईच्या पेटीतली घोंगडी काढून खुर्चीवर अंथरली.

"ऐन उन्हाळ्यात खुर्चीवर घोंगडं!" छबूबाई म्हणाली. "बसायचं का अंडी उबवायची?"

"आई, तिकडं असंच असतं."

"तिकडं बरफ पडतंय गं. हितं माझं बूड भाजतंय!"

दोघी खूप हसल्या. मग रेश्मानं माझ्याकडं बघितलं. "आई, ही मांडणी मागं ठेवू या का? फार चकाकते. सगळं कसं शांत दिसलं पाहिजे."

छबूबाई उठली. एकेक ताट पदरानं पुसत पोत्यात ठेवत गेली.

रेश्माला मी दोष देत नाही, मित्रांनो. घर खरंच देखणं झालं. संध्याकाळी तो दिवा लागला की दाराच्या फटीतून मऊ उजेड माझ्या पायापर्यंत येतो. पण तिथं फटीपाशीच थांबतो. माझ्या खाचांत धूळ बसली, कोळ्यानं जाळं विणलं. एक कोंबडी तर मला आपलं घरच समजते.

काल रेश्मानं कल्याणला घर दाखवलं. दार उघडं होतं, मला सगळं ऐकू आलं.

"बघा, झालं की नाही हुबेहूब?"

"लई छान. माझ्या खोलीसारखंच." मग त्यानं विचारलं, "आईच्या मागं दिसायची ती मांडणी कुठंय?"

"मागं ठेवलीय. का हो?"

"काही नाही. फोन लागला की आधी ती चमकायची. मग वाटायचं, लागला घरी."

 मग तो हळूच म्हणाला, "रेश्मा, उन्हाळ्यात जमत नाही गं. गोठ्यावरची माणसं सोडून गेली. सुट्टी पुढं ढकलली."

"बरं," रेश्मा म्हणाली. काल तो पिवळा दिवा लागलाच नाही.

मित्रांनो, तुम्हीही कधी आपलं घर नव्यानं सजवाल. खुशाल सजवा. फक्त एखादी जुनी वस्तू भिंतीवरून उतरवण्याआधी घरातल्या सगळ्यांना विचारा. जे लांब गेलेत त्यांना तर आधी विचारा. ती वस्तू त्यांना तिथून दिसत असेल.

चमच्याच्या आवाजानं सृष्टी जागी झाली वाटतं. डोळे चोळत ओट्यावर आली. मागोमाग रेश्मा. ती माझ्यापुढं खाली बसली, ओढणीनं माझी धूळ पुसली. शेजारी ठेवलेल्या पोत्यात हात घालून कल्याणच्या नावाची ती छोटी ताटली काढली आणि माझ्या मधल्या खाचेत उभी केली. किती दिवसांनी माझ्या अंगावर वजन आलं!

सृष्टीनं ताटलीवरच्या नावावरून बोट फिरवलं. "आई, बाबाचं तिकडचं घर आपण इकडं केलं ना?"

"हो गं."

"मग बाबा तिकडंच का राहिला?"