काळा ड्रॅगन

अश्फाकने ब्रोच पॉलिशच्या फिरत्या चाकावरून उचलला आणि त्याच्या पायाखालची वाळूच सरकली. त्याच्यावरचा मघाचा काळाकुळकुळीत ड्रॅगन आता तांब्याच्या तपेलीसारखा लालभडक चमकत होता.

"लूर्द, अगं इकडे ये. बघ काय झालं!"

काउंटरवरून वसईची लूर्द धावत आली. आखातातल्या बिन महमूद भागातल्या या दागिने दुरुस्तीच्या दुकानात मराठी बोलणारी ही दोघंच, आणि एकाच वयाची. तिने ब्रोचसोबत आलेली इंग्रजी चिठ्ठी वाचली आणि कपाळावर हात मारला.

"अरे अश्फाकभाई, हा जपानी आहे, शंभर वर्षांचा! हा ड्रॅगन म्हणजे त्यांचा समुद्राचा राजा. पंजात मणी दिसतोय ना, त्याच्या जोरावर हा भरती-ओहोटी आणतो म्हणे. आणि काळं म्हणजे खोल पाणी. तो रंग कारागिराने मुद्दाम चढवलेला. तू पुसलास?"

"मला वाटलं, मळ चढलाय."

वाटणारच! एकतीस वर्षं हा माणूस काळं पडलेलं उजळवत आलेला. काळं दिसलं की हात शिवशिवणार. ब्रोचच्या मालकीण सुरय्या मॅडमनी फक्त मागची पिन बसवायला सांगितली होती. पॉलिश याने आपल्या मनाने, फुकटात केलं. होम करता हात पोळले ते असे. त्यात नोकरीचा करार पुढच्या महिन्यात संपत होता. "एक लेखी तक्रार आली की खलास, घरी जायचं," असं मालक विजयकुमार मागच्याच आठवड्यात बजावून गेले होते. आणि तिकडे राजापूरला लेकीची, इनायाची, बारावी तोंडावर.

"चारला येतील मॅडम," लूर्द कुजबुजली. "चांदी काळी करायचं औषध लाव की. कोणाला कळतंय?"

त्याने बाटली उघडली, ब्रश बुडवला. मग त्या कधी न पाहिलेल्या कारागिरापुढे त्याला स्वतःचीच लाज वाटली. त्याने झाकण लावून टाकलं.

सुरय्या मॅडम चारच्या ठोक्याला आल्या. त्यांनी डबी उघडण्याआधीच अश्फाक हिंदीत सगळं बोलून मोकळा झाला. त्यांनी ब्रोच तळहातावर घेतला.

"माझी आई लावायची हा," त्या म्हणाल्या. "रंग परत येईल?"

"दुसरा काळा येईल, मॅडम. तो नाही."

"मग काय केलंत ते लिहून द्या."

लूर्दने काउंटरखालून त्याचा पाय दाबला. सही झाली की झालीच लेखी तक्रार! अश्फाकने पेन घेतलं. पिन बसवली, मूळ काळा रंग माझ्या चुकीने गेला, असं मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं आणि खाली पूर्ण नाव घातलं: अश्फाक दाऊद मुकादम. मॅडमनी कागद पर्समध्ये टाकला आणि त्या निघून गेल्या.

"वेडा आहेस का रे? आपल्या हाताने लिहून दिलंस!"

"मग कोणाच्या हाताने देऊ? पुसला तोही याच हाताने ना!" असं म्हणून त्याने पुढच्या दागिन्याची डबी ओढली. पण चाक सुरू करण्याआधी सोबतची चिठ्ठी लूर्दपुढे धरली.