कप्प्यातला माऊस

आमचे हे दुसऱ्याच्या पैशांवर सौदे करतात. पैसे एका कंपनीचे, नफ्यात वाटा यांचा. अट मात्र खाष्ट: खातं ज्या उंचीवर पोचेल, त्याच्या दोन हजार खाली एक रेघ. सौदा मिटवलेला नसला तरी स्क्रीनवर दिसलेला नफा धरतात आणि रेघ वर सरकते. नफा ओसरला तरी ती खाली येत नाही. रेघेला टेकलात की खातं बंद.

यांची दोन खाती अशीच गेली, तीही चांगल्या नफ्यात असताना. तिसरं गेलं की थोरल्या दिरांच्या गोदामात परत जाईन, असा शब्द देऊन बसलेत. तिथून रोज चेहरा पाडून यायचे. मला तो चेहरा पुन्हा नको होता.

यांचं दुखणं मला पाठ आहे. स्टॉपलॉस लावतात, म्हणजे भाव उलटला तर ठरलेल्या आकड्यावर सौदा आपोआप मिटतो. पण भाव तिथवर आला की स्वतःच तो खाली सरकवतात. "जरा दम घेऊ दे गं त्याला!"

त्या सकाळी मी शेजारी मशीनवर उशीचे अभ्रे शिवत होते. नफा अठराशेला पोचला. यांनी बाराशेवर स्टॉपलॉस लावला आणि पाणी प्यायला उठले. मी माऊस उपटला, मशीनच्या कप्प्यात टाकला आणि कुलूप लावलं.

"अगं, माऊस कुठाय?"

"कप्प्यात."

"दे इकडे. पंधराशेवर आलाय!"

"अभ्रे होऊ द्या."

"तुझ्या पाया पडतो!"

"पडा की. कोण अडवतंय?"

तेराशे. बाराशे. सौदा मिटला, बाराशे पक्के झाले. आणि मेला तो भाव तिथूनच फिरला. सौदा चालू असता तर पंचवीसशे झाले असते.

"बघितलंस?"

"खातं आहे ना?"

जेवताना यांनी मीठसुद्धा मागितलं नाही. मला खरंच वाईट वाटलं. माझ्या हट्टापायी तेराशे हुकले होते. रात्रीही पाठ फिरवून झोपले.

दुसऱ्या दिवशी यांनी सौदा घेतला, स्टॉपलॉस लावला. मग स्वतःच्या हाताने माऊस काढून माझ्यासमोर ठेवला.

"ठेव आत. आणि मी पाया पडलो तरी देऊ नकोस."

मी कुलूप लावलं. अर्ध्या तासात हे पाया पडायला हजर.