बाणाच्या उलट

आत्याने तरुणपणी तंत्रशाळेसाठी विजेवर एक कार्टूनपट काढला होता, एकेक चित्र हाताने. त्यातले इलेक्ट्रॉन म्हणजे पिशव्या सावरत कामाला निघालेले गोलमटोल कारकून. तारेवर भलामोठा बाण, 'प्रवाह इकडे', आणि कारकून धावतात ते नेमके बाणाच्या उलट. एक जण धापा टाकत विचारतो, "पाटी उलटी लावलीय की काय?" दुसरा म्हणतो, "आपला शोध लागायच्या आधीच लावली. आता कोण बदलतोय!"

मी भौतिकशास्त्राकडे वळले ती या विनोदामुळे. इलेक्ट्रॉन माहीतच नव्हते तेव्हा प्रवाहाची दिशा ठरली, आणि ते उलटे वाहतात हे कळल्यावरही तीच ठेवली गेली. पुस्तकात याला दोन पानं लागतात.

आता तंत्रशाळेच्या संस्थेने ती फिल्म स्वच्छ करून नव्याने काढली होती. संध्याकाळी प्रकाशन, म्हणून सकाळी आम्हा दोघींना दाखवायला बोलावलं. पडद्यावर कारकून बाणाच्याच दिशेने धावत होते. संवाद गायब, त्या जागी कसलीशी किणकिण.

"हे कुणी केलं?" आत्याने विचारलं.

"आम्हीच, आजी," विभागप्रमुख खुशीत म्हणाले. "तेव्हा तुमच्या नजरचुकीने राहिलं असणार. गुपचूप दुरुस्त केलं. उगाच बोभाटा नको."

"केवढे उपकार!"

मी त्यांना सगळं समजावलं. त्यांनी मानही डोलावली.

"असेल बुवा, मॅडम. पण मुलं गोंधळतात."

"गोंधळावीत म्हणूनच आहे ते! हसतात, मग विचारतात, असं का?" मी म्हणाले.

"आता बदलायचं म्हणजे आठवडा जाईल."

"मग माझं नाव काढा," आत्या म्हणाली.

"ते होईल की! लगेच!" त्यांचा चेहरा उजळला.

नाव काढा म्हटल्यावर माणूस वरमेल, असं आत्याला वाटलं होतं. मलाही.

संध्याकाळी तरीही ती गेली, माझा हात धरून. फिल्म संपली, टाळ्या झाल्या, आणि आत्या मुलांनी भरलेल्या सभागृहात उभी राहिली.

"पोरांनो, ही चित्रं माझी आहेत आणि यातलं धावणं खोटं आहे. इलेक्ट्रॉन बाणाच्या उलट जातात. का, ते या साहेबांना विचारा."

मागून कुणीतरी खरंच विचारलं. मग दुसऱ्याने. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

मी छताकडे पाहत राहिले.