महिरपीमागची भिंत

अमेरिकेत लढाई पेटली आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले, त्या सालांतली ही गोष्ट. हिवरखेडच्या खुशालराव पाटलांनी कापसाच्या जोरावर अकोल्याच्या जुन्या शहरात घर घेतलं, तेही मुद्दाम थोरल्या बहिणीच्या घराला लागून. मनकर्णाबाई विधवा, मूलबाळ नाही. दोन्ही घरांत मिळून मधे एकच मातीची भिंत होती.

अमरावतीच्या कॅम्पात कापूस घेणाऱ्या साहेबाच्या बंगल्यात खुशालरावांनी शेकोटी पाहिली आणि ती त्यांच्या डोक्यात बसली. साहेब पौषात अकोल्याला यायचा होता. पाटलांनी बैठकीत त्या मधल्या भिंतीला लागून विटांची शेकोटी बांधून घेतली, धूर छपरातून वर काढला. बदली होऊन चाललेल्या एका गोऱ्या अंमलदाराच्या लिलावात शेकोटीभोवती लावायची सागवानी महिरप मिळाली, ती बैलगाडीत गवत घालून आणली.

पण महिरप भिंतीला बसेना. भिंतीला मधोमध पोट आलेलं. खाली टेकवावी तर वर हात जाईल एवढी फट राही.

शालिकराम सुतारानं लाकडावर हात फिरवला. "भिंतीचं पोट लाकडावर उतरवून घेतो पाटील, आन् मागून तेवढंच तासतो. फट दिसनार नाई. पन हप्ताभर लागन."

"साहेब उद्या येऊन राह्यला."

"मंग उद्या फट दिसन," शालिकराम म्हणाला आणि हत्यारं गोळा करून जेवायला गेला.

खुशालरावांनी पहार उचलली. नांगर धरलेले हात; भिंतीचं पोट खरवडायला कितीसा वेळ लागणार? माती भसाभस सुटू लागली. पलीकडून मनकर्णाबाईंनी विचारलं, "खुशाल, काय करून राह्यला रे?"

"खिळा मारून राह्यलो, बाई."

पोट गेलं, त्याच्या आतही पहार गेली. महिरप भिंतीत अशी रुतून बसली की नखही शिरू नये. सुटलेली माती त्यांनी स्वतः टोपल्यांनी परसात नेऊन टाकली. दुसऱ्या दिवशी साहेब आला, शेकोटीपाशी हात शेकले, सरकी किती निघते ते विचारलं आणि गेला. महिरपीकडे त्यानं पाहिलंही नाही.

त्यानंतर थंडी वाढली. शेकोटी रोज पेटू लागली, खरवडून पातळ झालेली भिंत आतल्या आत वाळली. पलीकडे त्याच जागी बाईंची फळी होती, तिच्यावर ज्वारीची मडकी. एके सकाळी बाई मडकं काढायला गेल्या, आणि फळीसकट त्या बाजूची भिंत अंगावर आली. उजवा हात कोपरापाशी मोडला.

हाड बसवणारा आला, कामट्या बांधून गेला. जुनी भिंत, उंदरांनी पोखरली असेल, असं गल्ली म्हणाली. खुशालरावांनी बहिणीला उचलून आपल्या बैठकीत आणलं, बायकोला, कौशल्येला, सांगून शेकोटीपाशी अंथरूण घातलं.

बघायला येणारा जो तो म्हणे, भाऊ असावा तर असा. मनकर्णाबाईही सांगत, "मायनं केलं नसतं एवढं हा करून राह्यला. या शेकोटीनं हाताले लय बरं वाटते." हे ऐकलं की खुशालराव उठून बाहेर जात. ताटातली भाकर तशीच राहू लागली. कौशल्या काही नवी नवरी नव्हती; तिनं एकदा महिरपीकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे, आणि हळूच म्हणाली, "अवो, परसातल्या मातीच्या ढिगाचं बाईनं मले इचारलं त म्या काय सांगू?"

त्या दुपारी ते बहिणीच्या अंथरुणाशी बसले आणि जे झालं ते सांगितलं.

"म्या आवाज दिलता तुले," बाई म्हणाल्या.

"हो."

"खिळा मारतो म्हणला तू."

"हो, बाई."

"तवाच सांगतलं असतं त म्या फळी काढून घेतली असती."

एवढंच. संध्याकाळी त्या उठल्या, डाव्या हातानं लुगडं सावरलं आणि पडक्या भिंतीच्या आपल्या घरात गेल्या. कौशल्या आडवी आली तरी थांबल्या नाहीत.

खुशालरावांनी महिरप उपटून अंगणात टाकली. गवंडी लावला, आणि माती तुडवायला स्वतः उतरले. बाई रोज येऊन ओट्यावर बसत, गवंड्याला सांगत, "हाताभर जाड पायजे, कमी नाई." भावाशी बोलत नसत. भिंत उभी राहिली. मग शालिकरामानं निवांत, तासून तासून, महिरपीची पाठ त्या भिंतीच्या अंगासारखी केली. ती नीट बसली. पण खुशालरावांनी त्या हिवाळ्यात पुन्हा शेकोटी पेटवली नाही.

बाईंचा हात वाकडाच जुळला. भाकर थापता येईना. कौशल्येच्या हातच्या भाकरी खुशालराव सकाळी घेऊन जात, ओट्यावर ठेवत, आणि परत येत.

चैत्र लागला तेव्हा एकदा बाई म्हणाल्या, "थांब. परात धर."

त्यांनी परात धरली. बाई डाव्या हातानं थापू लागल्या. परात सरकली की "नीट धर" म्हणत. भाकर जाड झाली, एका कडेनं फाटली, तव्यावर करपली. दोघांनी ती अर्धी अर्धी खाल्ली. भिंतीचा विषय बाईंनी काढला नाही, आणि माफ केलं का हे विचारायचा खुशालरावांना धीर झाला नाही. पाणी पिऊन ते उठले तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "उद्या पीठ घेऊन ये. भाकर नको आणू."