भिंगाखाली विझलेली आग

मित्रांनो, माझ्या भिंगावर बुरशी चढली आहे, तरी माझे ऐका. मी कोल्हापूरच्या एका महाविद्यालयातला जुना सूक्ष्मदर्शक आहे. शिपाई ज्ञानूमामा मला दुर्बीण म्हणत. जीवशास्त्र शिकवणाऱ्या नंदिनीबाई मला रोज मऊ कापडाने पुसत. पाहुणे आले की माझी वाहवा होई.

ऐंशी सालानंतर बाईंच्या आईला, माईंना, छातीत कर्करोगाची गाठ निघाली. दवाखान्याची औषधे चालू होती. शेजारची चिमणाबाई आवळ्याचा रसही आणून देई. आवळ्यातले जीवनसत्त्व पेशींना जळू देत नाही, असे बाईंनीच घरी सांगितले होते.

पण कोणत्या पेशींना? हे पाहायला बाईंनी काचेच्या दोन बश्यांत गाठीसारख्या वाढणाऱ्या पेशी ठेवल्या. त्यांवर रक्तातल्या पांढऱ्या पेशी सोडल्या. एका बशीत ते जीवनसत्त्वही घातले.

बश्या पाहायची वेळ नेमकी खंडेनवमीला आली. ज्ञानूमामांनी मला हळदकुंकू लावून झेंडू वाहिला होता. माईही पूजेला आल्या होत्या.

"बाई, आज हत्याराला हात लावायचा न्हाय. उद्या दसरा झाल्यावर बघा की!"

"मामा, पेशींना सण कळत नाही हो."

बाईंनी झेंडू बाजूला केला. पहिल्या, नुसत्या बशीत पांढऱ्या पेशी गाठीसारख्या पेशींवर तुटून पडल्या होत्या. त्यांनी सोडलेल्या जळजळीत द्रव्याने त्या मेल्या होत्या. दुसरीत, जीवनसत्त्व घातलेल्या बशीत, ती आग विझली होती. तिथे गाठीसारख्या पेशी चकचकीत, जिवंत होत्या. माझी काच बाईंच्या पापणीने ओली झाली.

"काय दिसलं गं?" माईंनी विचारले.

"बशीतलं अंगात तसंच होईल असं नाही, माई."

"मग रस घेऊ की सोडू? औषध डॉक्टरांच्या हातात. माझ्या हातात तेवढी एक वाटीच आहे बघ."

बाईंनी पुन्हा माझ्यावर डोळा लावला. मला तेव्हा वाचा असती तरी मी काय सांगणार होतो? मला दोन बश्या दिसल्या होत्या, माई दिसल्या नव्हत्या.

माईंनी रस सोडला, घाबरून पुन्हा धरला, पुन्हा सोडला. गुढीपाडव्याआधी त्या गेल्या. रसाने काही झाले की नाही, कोणालाच कळले नाही. नंदिनीबाई पुन्हा माझ्याजवळ बसल्या नाहीत. मला कपाटात ठेवले. पावसाळ्याच्या ओलीने भिंग धुरकट झाले. आता खंडेनवमीला कपाटाच्या दारालाच झेंडू लागतो.

मित्रांनो, मला फूल नको. कापड आणा, भिंग पुसा. माईंचा प्रश्न अजून माझ्याखाली तसाच पडला आहे. मी पुरता आंधळा होण्याआधी कोणीतरी डोळा लावा.