हळदीकुंकू लावलेला बॅकअप

विज्ञानाला मरणावर विजय मिळवता आला नाही, पण त्याने माणसाला बॅकअप दिला. गेलेलं सारं जसंच्या तसं परत आणण्याची ही सोय भंडाऱ्याच्या बाबूलालनं आपल्या वधूवर केंद्रात लाल कापडात गुंडाळून लक्ष्मीच्या फोटोमागे ठेवली होती.

त्या दिवशी केंद्राचा डेटाबेस उडाला. वय, शिक्षण, नोकरी टाकली की स्थळं शोधून देणारा संगणक काहीच शोधेना. समोर लाखनीचा तुलाराम, पोरीसाठी स्थळ पाहायला आलेला.

"दाखवतं का नाही, बाबूलाल? नाही त मी नागपूरच्या केंद्रात जातो."

तुलाराम गेला की त्याच्यामागे अर्धी लाखनी जाणार, हे बाबूलालला ठाऊक होतं. "बसा ना, भाऊ! हर्षा, बॅकअप लाव."

ऑपरेटर हर्षानं कापड सोडलं. "काका, ही डिस्क तं परारच्या दसऱ्याले पुजली, तवापासून बांधूनच हाये!"

"मंग? पूजेतली वस्तू रोज काढतेत का वं?"

तिनं वायरीच्या खाचेतलं कुंकू टाचणीनं कोरलं आणि डिस्क जोडून डेटा परत भरणारी शेल स्क्रिप्ट चालवली. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धावल्या. जुना डेटा आणायचा का, असं स्क्रिप्टनं विचारलं. बाबूलालनं पडद्याला हात जोडले. हर्षानं 'यस' टाइप केलं.

रिस्टोअर यशस्वी झालं. गेल्या दोन वर्षांत केंद्रानं लग्न लावून दिलेली सारी मंडळी एका झटक्यात पुन्हा अविवाहित झाली.

"पर्मनंट नोकरी, निर्व्यसनी, वरठीच्या जवळचा," तुलारामनं अटी सांगितल्या. पहिलंच स्थळ सगळ्या अटींत बसलं, फोटोही पडद्यावर आला.

"हा पोरगा पसंत हाये! तोंडही कुठंतरी पाह्यल्यासारखं वाटून राह्यलं."

"आपल्या केंद्राचं स्थळ म्हणजे सोनं, भाऊ," चष्मा शोधता शोधता बाबूलाल म्हणाला. "खानदानाची हमी माझी. आजच बोलणी करून टाकू."

"काका," हर्षा हळूच म्हणाली, "पह्यले चष्मा लावा."

बाबूलालनं चष्मा लावला.

फोटोतला पोरगा त्याचाच जावई होता. लग्न गेल्या वैशाखात झालं. तुलारामनं त्या पंगतीत दोनदा मठ्ठा मागून घेतला होता.